फॉरमॅट न करता काम झालं - डाउनलोड फोल्डरच्या परमिशनसाठी घरी बोलावलेला कॉम्प्युटरवाला, डोंबिवली

आधी आकडा सांगते, पाचपैकी चार. एक का कापला ते खाली येईलच. नाव टाकू नका असं त्याने स्वतःच सांगितलंय, एकटाच काम करतो आणि आहेत तेच फोन उचलून होत नाहीत म्हणाला, त्यामुळे नाव नाही टाकत. पण काम कसं केलं ते नीट लिहिते, म्हणजे तुमच्या भागात कोणाला बोलावलंत तर समोरचा माणूस जाणकार आहे की नुसता पेन ड्राइव्ह घेऊन विंडोज टाकत फिरतो ते तुम्हाला ओळखता येईल.

तर झालं होतं असं की विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमचा जुना पीसी इतका जुना की विंडोज ११ त्यावर बसेचना (टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, प्रोसेसरही अलीकडचा लागतो), म्हणून नवीन पीसी असेंबल करून घेतला लॅमिंग्टन रोडवरून, त्यात एसएसडी (नवीन प्रकारची वेगवान डिस्क) टाकली आणि जुनी १ टीबीची हार्ड डिस्क तशीच दुसरी डिस्क म्हणून आत जोडून घेतली. सगळा जुना पसारा त्यातच, बाबांचे पेन्शनचे कागद, सातबारे, लाइटबिलं, माझ्या मुलीच्या शाळेच्या पीडीएफ, सगळं. नवीन पीसीवर दोन अकाउंट, माझं अ‍ॅडमिन आणि बाबांचं स्टँडर्ड (म्हणजे मोठे बदल करता न येणारं), कारण बाबा समोर जे येईल त्याला येस करतात.

आणि मग सुरू झालं. जुन्या डिस्कवरच्या जुन्या डाउनलोड्स फोल्डरमध्येच नवीन फाइली पण सेव्ह व्हाव्यात असं आम्हाला हवं होतं, म्हणजे सगळं एका जागी. माझ्या अकाउंटवरून फोल्डर उघडला की खिडकी यायची, तुम्हाला सध्या या फोल्डरची परमिशन नाही, कायमची हवी असेल तर कंटिन्यू दाबा. दाबलं, हिरवी पट्टी सरकत राहिली, उघडला. मला वाटलं झालं. बाबांच्या अकाउंटवर मात्र क्रोममधून काही उतरवायला गेलं की डाउनलोड फेल, अपुऱ्या परवानग्या. दुसऱ्या एका प्रोग्रॅममधून सेव्ह करायला गेलं की तो म्हणणार या ठिकाणी सेव्ह करायची परमिशन नाही, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला भेटा, त्यापेक्षा डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करू का. बाबा मला हाक मारून विचारायचे, "अगं, हा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर बसतो कुठे?" शेवटी ते सगळं डेस्कटॉपवर टाकायला लागले आणि डेस्कटॉपवर वॉलपेपर दिसेनासा झाला.

स्टेशनजवळच्या एका दुकानात विचारलं तर पीसी न बघताच उत्तर, विंडोज करप्ट आहे मॅडम, फॉरमॅट मारावा लागेल, डेटा घ्यायचे वेगळे. यूट्यूबवर बघावं तर प्रत्येक दुसरा व्हिडिओ सांगतो सिक्युरिटी टॅबमध्ये जा, एव्हरीवन (म्हणजे कोणीही) टाका, फुल कंट्रोलला टिक करा, अप्लाय, थँक यू, चॅनेल सबस्क्राइब करा. मग सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं आणि या मुलाचा नंबर मिळाला.

आता कामाबद्दल. आल्या आल्या त्याने माउसला हातच लावला नाही, आधी तीन गोष्टी विचारल्या. या डिस्कवरचं आणखी कुठे बॅकअप आहे का, ही डिस्क आधी कुठल्या पीसीत होती, आणि प्रॉब्लेम दोघांना येतो की एकालाच. तिसरा प्रश्न ऐकून मला जरा बरं वाटलं, कारण दुकानवाल्याने तो विचारलाच नव्हता आणि खरं उत्तर तिथेच होतं. बॅकअप नाही म्हटल्यावर त्याने पेन्शनचा आणि जमिनीच्या कागदांचा फोल्डर आधी एसएसडीवर कॉपी करून ठेवला, मगच पुढे.

मग बाबा म्हणाले, अरे बाळा, मला कळलंय काय झालंय ते, फोल्डर रीड-ओन्ली झालाय, मी प्रॉपर्टीजमध्ये बघितलं, चौकोन भरलेला आहे, काढला तरी परत येतो. हे ऐकून तो हसला नाही, हे मला आवडलं. त्याने सांगितलं की काका, फोल्डरवरचा तो भरलेला चौकोन जवळजवळ सगळ्यांच्याच पीसीवर दिसतो, फोल्डरच्या बाबतीत त्याचा लिहिण्याशी संबंध नाही, विंडोज ती खूण फोल्डरचं आयकॉन वगैरे वेगळं आहे का हे बघायला वापरतं. फाइलवर असेल तर गोष्ट वेगळी. इंटरनेटवर अर्धे लोक त्या चौकोनाशी झगडत बसलेत आणि तो कधीच गुन्हेगार नसतो.

खरं कारण त्याने सिक्युरिटी टॅब उघडून दाखवलं. तिथे यादीत सिस्टीम (म्हणजे विंडोज स्वतः) होतं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स होतं, माझं नवीन अकाउंट होतं (ते कंटिन्यू दाबल्यामुळे आलेलं), आणि एक विचित्र ओळ, अकाउंट अननोन, पुढे एस-१-५-२१ आणि मग आकड्यांची ही लांब शेपूट. मी म्हटलं हा कोण, व्हायरस का? तर म्हणाला, "ताई, हे काकाच आहेत. जुने काका."

म्हणजे असं की विंडोज परमिशन नावावर देत नाही, प्रत्येक अकाउंटला आतून एक नंबर असतो त्यावर देतं. नवीन विंडोज टाकलं आणि तेच नाव, तोच पासवर्ड ठेवला तरी नंबर नवीन पडतो. नाव तेच पण आधार नंबर वेगळा, बँक ओळखणार नाही, असं त्याने बाबांना सांगितलं आणि बाबांना ते एका झटक्यात कळलं, मला तेवढं पटकन कळलं नव्हतं.

मग मी विचारलं, असं असेल तर त्याच डिस्कवरचे बाकीचे फोल्डर दोघांना बिनधास्त कसे उघडतात? त्यातच तर आम्ही गोंधळलो होतो, गाण्यांच्या फोल्डरमध्ये बाबांचं सेव्ह होतं, डाउनलोड्समध्ये होत नाही, डिस्क तीच. याचं उत्तर पण साधं निघालं. त्या एकाच डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग होते, गाण्यांचा फोल्डर जुन्या डी ड्राइव्हवर होता, तिथे परमिशन माणसाला नाही तर गटाला दिलेली असते, लॉगिन केलेला कोणीही, आणि या गटांचे नंबर जगातल्या प्रत्येक विंडोजवर सारखेच असतात, त्यामुळे डिस्क नवीन पीसीत गेली तरी ती परमिशन चालते. पण डाउनलोड्स होता जुन्या सी ड्राइव्हवर युजर्सच्या आत बाबांच्या खासगी फोल्डरमध्ये, आणि तिथे मुद्दामच फक्त तो एक माणूस, सिस्टीम आणि अ‍ॅडमिन एवढ्यांनाच प्रवेश असतो. म्हणजे विंडोज बिघडलेलं नव्हतंच, ते त्याचं काम इमानेइतबारे करत होतं. फॉरमॅट मारला असता तर नवीन विंडोज, परत नवीन नंबर, आणि प्रॉब्लेम जागच्या जागी!

त्याच ओघात त्याने अजून एक सांगितलं जे मला माहीत नव्हतं. माझं अकाउंट अ‍ॅडमिन आहे तरी मलासुद्धा आधी नाही म्हणत होतं, ते का. तर अ‍ॅडमिन माणूस लॉगिन झाला तरी त्याचे प्रोग्रॅम साध्या अधिकारावरच चालतात, यूएसी ची ती खिडकी (बदल करू देऊ का विचारणारी) येऊन येस म्हटलं तरच अ‍ॅडमिनचे अधिकार लागू होतात. एक्सप्लोरर निदान कंटिन्यूचं बटण तरी देतो, ब्राउझर ते विचारतच नाही, सरळ फेल. मग लोक काय करतात, ब्राउझरवर राइट क्लिक करून रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. चालतं, पण मग इंटरनेटवरून येणारी प्रत्येक गोष्ट अ‍ॅडमिनच्या अधिकारात घरात येते. हे करू नका असं तो दोनदा म्हणाला, बाबांकडे बघून.

एव्हरीवन फुल कंट्रोलबद्दल मी मुद्दाम विचारलं कारण यूट्यूब डोक्यात होतं. त्याचं म्हणणं असं की एखाद्या बाजूच्या फोल्डरला दिलं तर आकाश कोसळत नाही, पण फुल कंट्रोल म्हणजे दुसऱ्यांच्या परमिशन बदलायचा अधिकार पण, फाइली ठेवायला काढायला मॉडिफाय ही त्याच्या खालची परमिशन पुरते. आणि लोक तिथे थांबत नाहीत, अख्ख्या ड्राइव्हला देतात. त्याहून वाईट म्हणजे व्हिडिओ बघून टेकओन (मालकी घेणारी) आणि आयकॅकल्स (परमिशन बदलणारी) या दोन कमांड थेट सी ड्राइव्हवर चालवतात, विंडोजच्या स्वतःच्या फाइलींची मालकी ट्रस्टेडइन्स्टॉलर या विंडोजच्या आतल्या अकाउंटकडून काढून स्वतःकडे घेतात आणि मग अपडेट अडकतं, स्टोअरची अ‍ॅप उघडत नाहीत, आणि तेव्हा मात्र खरोखर फॉरमॅट मारावा लागतो. त्याच्या म्हणण्यानुसार त्याला असे पीसी नेहमी येतात. कमांड वाईट नाहीत, एका फोल्डरपुरत्या वापरल्या तर उत्तमच, पण "कुठे चालवताय ते तीन वेळा वाचा".

मग प्रत्यक्ष काम. जुन्या डाउनलोड्सच्या परमिशन दुरुस्त करण्यापेक्षा त्याने जागाच बदलली, आणि या एका निर्णयासाठी मी त्याला पूर्ण मार्क देईन. जुन्या युजर्सच्या आत काहीच ठेवायचं नाही, त्याच ड्राइव्हवर बाहेर एक नवीन फोल्डर, नाव घरचे डाउनलोड, त्याला युजर्स गटाची मॉडिफाय परमिशन, बस. म्हणजे उद्या माझ्या मुलीचं तिसरं अकाउंट काढलं तरी पुन्हा काही करायला नको.

फोल्डर नवीन केला, आता जुन्या फाइली कट करून त्यात पेस्ट केल्या की झालं ना, असं मला वाटलं, आणि इथेच त्याने थांबवलं. एकाच ड्राइव्हच्या आत कट-पेस्ट केलं की फाइल जुन्या परमिशन अंगावर घेऊनच येते, कॉपी केली तर मात्र नवीन जागेच्या परमिशन लागतात. त्यामुळे घरोघरी हा प्रकार असतो की फोल्डर उघडतो, नवीन फाइल सेव्ह होते, पण आतल्या जुन्या फाइलीवर परत सेव्ह केलं की नाही म्हणतो. आमचा डाउनलोड्स प्रचंड, जुन्या हार्ड डिस्कवर सगळं कॉपी करायचं तर रात्र गेली असती, म्हणून त्याने कटच केलं पण नंतर अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन तो लांबलचक नावाचा पर्याय टिक केला, आतल्या सगळ्या वस्तूंच्या परमिशन काढून या फोल्डरच्या लावा असा, रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट वगैरे. काही फोल्डर त्यालाही नाही म्हणाले, तिथे आधी ओनर बदलला, आतल्या सगळ्याचा ओनर बदला हे टिक करून, आणि मग परत तेच. हे सगळं त्या एका फोल्डरच्या आत. ड्राइव्हच्या मुळाला (ड्राइव्ह उघडल्यावर सगळ्यात वरची जागा) त्याने हातही लावला नाही.

मुळावरून आठवलं, बाबांची अजून एक तक्रार होती की सी ड्राइव्ह उघडून तिथेच थेट फाइल सेव्ह करायला गेलं तर होत नाही, फोल्डर मात्र बनतो. ते तसंच असतं म्हणाला, सगळ्यांकडे, ते दुरुस्त करायचं नसतं.

मग बाबांच्या अकाउंटवर जाऊन डाउनलोड्सच्या प्रॉपर्टीजमधल्या लोकेशन टॅबमधून नवीन जागा दिली, माझ्या अकाउंटवर परत वेगळी दिली कारण हे प्रत्येक अकाउंटला वेगवेगळं असतं, आणि क्रोमच्या सेटिंगमध्ये जुना पत्ता होता तो पण बदलला. इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली, लोकेशन देताना फोल्डर निवडायचा, अख्खा ड्राइव्ह नाही. काही जण नुसतं डी निवडतात आणि मग अख्खा डी ड्राइव्हच डाउनलोड्स होऊन बसतो, ते परत निस्तरायला लई वेळ जातो.

आणि मग जे दुकानवाले कधीच करत नाहीत ते केलं. आधी इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस नावाच्या टॅबमध्ये बाबांचं अकाउंट टाकून दाखवलं की यांना आता इथे काय काय करता येईल, हिरव्या टिका. हा टॅब मी आयुष्यात उघडला नव्हता, सिक्युरिटीमध्ये अ‍ॅडव्हान्स्डच्या आत असतो, नुसतं बघायला आहे, काही बिघडत नाही, ज्यांना हा त्रास आहे त्यांनी सगळ्यात आधी तिथेच बघावं. मग बाबांनाच खुर्चीवर बसवलं, त्यांच्याच अकाउंटवर, लाइटबिल उतरवायला लावलं, उतरलं. एका जुन्या फाइलचं नाव बदलायला लावलं, बदललं. एक डिलीट करायला लावली, झाली. बाबा एवढे खुश की पुढची दहा मिनिटं बिलंच उतरवत होते.

इतक्यात बाबांनी दुसरी भानगड काढली. स्कॅनरचा प्रोग्रॅम डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करायला गेला की म्हणतो फाइल सापडत नाही, नाव तपासा. अहो सेव्ह करतोय, सापडेल कशी! मला वाटलं हा पण परमिशनचाच प्रकार, पण सिक्युरिटी टॅबमध्ये सगळं व्यवस्थित होतं. तो सरळ विंडोज सिक्युरिटी उघडून प्रोटेक्शन हिस्टरीत गेला, तिथे त्या स्कॅनरच्या नावाने अडवल्याच्या नोंदी. असेंबल करताना कोणीतरी कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस चालू केलेलं. हे २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून आहे, रॅन्समवेअरपासून (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) फाइली वाचवायला, आपणहून चालू नसतं. चालू केलं की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठराविक फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रॅमला लिहू देत नाही, तुम्ही त्या फोल्डरचे मालक असलात तरी. डाउनलोड्स त्या ठराविक यादीत नसतो, म्हणून क्रोमचा त्रास वेगळा आणि हा वेगळा, आणि आम्ही दोन्ही एकाच खात्यावर टाकत होतो. दुसरा कोणी असता तर बंदच करून टाकलं असतं. याने ते चालू ठेवून फक्त स्कॅनरच्या प्रोग्रॅमला परवानगीच्या यादीत टाकलं. मी विचारलं बंद का नाही, तर बाबांकडे बघून म्हणाला, "राहू दे ताई, काकांसाठी बरंय ते."

आता एक मार्क का कापला. दुपारी येतो म्हणाला आणि आला दिवेलागणीला, मधे फोन नाही, मेसेज नाही, मी हाफ डे टाकून बसले होते. दुसरं म्हणजे काय काय बदललं ते लिहून देत नाही, मी मागे उभी राहून वहीत लिहून घेतलं म्हणून हे एवढं सांगता येतंय, नाहीतर उद्या दुसऱ्या कोणाला बोलावलं तर त्याला काय सांगणार? खरं तर बदलाच्या आधी परमिशनची यादी सेव्ह करून ठेवता येते, त्याच आयकॅकल्स कमांडने, तेवढं केलं असतं तर मी काही कापलं नसतं. तिसरं बारीक आहे, माझ्या स्वभावाचा दोष समजा, काही जुन्या फोल्डरवर ती अकाउंट अननोनची ओळ त्याने तशीच ठेवली. त्रास देत नाही, असू दे, म्हणाला, आणि ते खरं आहे, पण मला ती दिसली की खुपते.

पैसे ६०० घेतले, येण्याचे धरून, यूपीआयने. पहिल्या दुकानाने फॉरमॅट आणि डेटाचे मिळून याच्या तिप्पट सांगितले होते. बिल मागितलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी पाठवल्या, चालतं. उगाच अँटिव्हायरस गळ्यात मारायचा प्रयत्न केला नाही, उलट मीच विचारल्यावर सांगितलं की दुसरा अँटिव्हायरस टाकलात तर डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) बाजूला होतो आणि मग हे फोल्डरचं संरक्षण पण चालत नाही. पासवर्ड एकदाही विचारला नाही, दर वेळी तुम्ही टाका म्हणून तोंड फिरवून उभा राहिला.

प्रत्येकाने असा माणूस बोलवायलाच हवा असं नाही. एकाच फोल्डरचा त्रास असेल आणि तुमचं अकाउंट अ‍ॅडमिन असेल तर ड्राइव्हवर नवीन फोल्डर करून ब्राउझरची डाउनलोडची जागा तिकडे वळवा, बऱ्याच घरांत तेवढ्यावर भागतं. पेन ड्राइव्हवर सेव्ह होत नसेल तर तो परमिशनचा विषयच नाही बहुतेक वेळा, तो एफएटी ३२ चा (फाइली ठेवायची जुनी मांडणी) असेल तर ४ जीबीच्या वरची एक फाइल त्यावर बसतच नाही आणि परमिशन तर त्या प्रकारात नसतेच. जुनी डिस्क, दोन-तीन अकाउंट, बॅकअप नाही, असं सगळं एकत्र असेल तर मात्र स्वतः प्रयोग करू नका, ६०० रुपये द्या. आणि जो माणूस पीसी न बघता फॉरमॅट म्हणेल त्याला फोनवरच नको सांगा.

बोलावण्याआधी अ‍ॅडमिन अकाउंटचा पासवर्ड तेवढा शोधून ठेवा, त्याशिवाय यातलं काहीच होत नाही. आमचा बाबांच्या डायरीत होता, २०२५ च्या, आणि ती माळ्यावर गेली होती.